तयारीचे कागद

नोव्हेंबरात इथे सूर्य चारलाच हात झटकून उठतो.
तेव्हा माझी पाळी सुरू होते.
व्हालमिएरा, गाउया नदीपासून दोन रस्ते आत,
चार रंगांचं यंत्र. एकतीस वर्षं.
ते कण्हलं की मला घरी झोपेतही कळतं.

या आठवड्यात तीन पुस्तकं आली.
अवकाशाच्या छायाचित्रांचं एक, उशीएवढं जाड.
एका म्हाताऱ्या कॅमेरावाल्याच्या आठवणी.
आणि तिसरं, सत्त्याऐंशी सालचं,
नॉर्वेतल्या खाडीकाठच्या गावात एका मुलीचा खून झाला, त्याचं.
‘सत्य घटना’, मुखपृष्ठावर, लाल अक्षरांत.

म्हणजे आठवडाभर मी काळाच छापत होतो.

लोकांना वाटतं, काळा एकच.
अवकाश नुसत्या काळ्या शाईने होत नाही,
शाळेच्या पाटीसारखं दिसतं.
खाली निळा लागतो, थोडा किरमिजी, नखभर पिवळा,
तेव्हा कुठे ते काळंशार होतं,
दगड टाकला तर आवाज येणार नाही इतकं.

कॅमेरावाल्याचा काळा दोन चित्रांच्या मधला.
फर्मा तपासायचा असतो, वाचायचा नसतो; मी वाचला.
म्हणतो, जुन्या थिएटरात निम्मा वेळ पडद्यावर अंधारच असे,
आम्ही लोकांना अंधाराचीही तिकिटं विकली.
रेनार्सला वाचून दाखवलं. तो हसला,
मग विचारलं, थिएटरात रीळ असायचं म्हणजे नेमकं काय?

खुनाच्या पुस्तकाला स्वस्त कागद, एकच शाई.
मधली आठ पानं तेवढी गुळगुळीत, चित्रांची.
तो काळा हाताला लागतो.

मंगळवारी आकाशात एक ठिपका दिसला,
भोवती पांढरं कडं. प्लेटवर धूळ बसली की अगदी असंच उमटतं.
यंत्र थांबवलं. पुसलं. पुन्हा तेच.
पुन्हा पुसलं, रेनार्सवर खेकसलो.
मग मूळ फाईल उघडली.
धूळ नव्हती. ते खरंच होतं तिथे,
कडं असलेलं, कोट्यवधी ताऱ्यांचं,
आणि मी दोनदा फडकं मारलेलं.

गुरुवारी त्या मुलीच्या गालावर ठिपका.
शाळेतला फोटो, केस ओले, कॉलर वाकडी.
यावेळी फडकं उचलण्याआधी मजकूर शोधला.
पान एकशे बारा. आई सांगते,
ती तीळ रोज पावडरीखाली लपवायची,
या एका फोटोच्या दिवशी उशीर झाला होता.
मी शाई किंचित वाढवली.
तीट लावताना बोट हलकं ठेवतात, तितकीच.

यंत्र रंगावर येईपर्यंत शेकडो कागद वाया जातात.
नवे कशाला नासायचे म्हणून जुने वायाच पुन्हा घालतो,
एका पुस्तकावर दुसरं, त्यावर तिसरं.
शुक्रवारी पहाटे त्यातला एक वर आला:
तळाशी आकाश.
त्यावर कॅमेरावाल्याचा कुणी मदतनीस, शिडीवर, हातात दिवा.
आणि दिव्याच्या बरोबर समोर ती.
केसांत ते कडं अडकलेलं.
कुणी ठरवून केलं असतं तर मी त्याला शिव्या घातल्या असत्या.

बांधणीतली झिग्रीदा असे कागद घरी नेते,
तळघरातल्या सफरचंदांखाली अंथरायला.
ट्रॉली घेऊन आली. एकेक उचलत गेली.
या कागदापाशी थांबली, चष्मा वर केला,
म्हणाली, हा नको. यावर फळं ठेववणार नाहीत.
आणि बाकीचे घेऊन गेली.

नियमाप्रमाणे तो लगद्याच्या गठ्ठ्यात जायला हवा.
वजनावर हिशोब असतो; एका कागदाचं वजन ते काय.
माझ्या कपाटाच्या दाराला आतून लावलाय,
डगल्यामागे.

सकाळी नऊला बाहेर जेमतेम उजाडलेलं.
हात तीनदा धुतले.
निळा गेला, किरमिजी गेला.
राईची भाकरी मोडताना पाहिलं,
स्वस्त शाई नखांत तशीच होती.