दोन थाउ

कणबर्गीच्या गाडेकराचा पॉवर टिलर
टेम्पोतून उतरवला तेव्हा अकरा वाजले असतील.
चेनकेसला आठ बोल्ट. सातवा फिरेना.
निंगाप्पा मामांनी त्याला रॉकेल पाजलं
आणि आम्हाला चहा सांगितला.
चहा संपेतोवर बोल्टचा राग गेला.

आत तेल कसलं, काळी राब.
अंगठ्यावर घेऊन उन्हात धरली
तर पितळी कण चमकले तिच्यात.
"बुश कुठं गेला म्हणून विचारत होतीस न्हवं?
हा बघ की. इथंच हाय."

गिअर धरून हलवला : टक टक.
या आवाजाला आमच्या उद्यमबागेत
मराठीत प्ले म्हणतात, कन्नडमध्येही प्लेच.
वायसर एका बाजूनं नखाएवढा पातळ,
दुसऱ्या बाजूला कंपनीचा शिक्का अजून वाचता येतोय.
सगळा भार एकीकडंच पडला होता, वर्षानुवर्षं,
आणि वरून टिलर बराच चालत होता म्हणे.

मामांच्या उजव्या तर्जनीला शेंड्याकडं काही कळत नाही.
झीज बघायला ते डावा हात वापरतात.
सैन्यात होते, बर्फात,
चाकं नसलेल्या गाड्या दुरुस्त करायला :
पुढं दोन पट्ट्या, मागं रबराचा पट्टा,
मधे असलाच चेनकेस.
तिथं ग्रीसचा दगड व्हायचा.
एका रात्री असाच खाल्लेला बुश,
आणि नवा खालून येणार कधी, तर हवा उघडेल तेव्हा.
दुधाच्या डब्याचं झाकण कातरून
मामांनी वायसर केले, तीन, एकावर एक.
त्याला हातमोजा काढावा लागला.
"मिनिटभरच. लोखंडानं बोट धरलं, सोडीना झालं."
गाडी पोचली का, मी विचारलं.
"पोचली की."
तिच्यावर कुणाला निजवून नेलं, ते सांगत नाहीत.
पाना मागतात. चौदाचा.

मग मी लेथवर.
गनमेटलचा रॉड चकात धरला,
पिवळी साल उडत राहिली, ओढणी आत खोचलेली,
आयटीआयत सरांनी सांगितलं होतं : घाई नाही, भीती नाही.
तरी पहिला बुश चुकला.
गिअरमध्ये बसला झकास,
शाफ्ट मात्र बुशात जाईना.
मी हातोडी उचलली.
मामांनी मनगट धरलं.

"पोरी, गिअरात गच्च पायजे, शाफ्टला मोकळा.
फिरायचंय त्याला. दोन थाउ जागा दे.
जास्त दिलीस तर वाजतंय,
नाही दिलीस तर जळतंय."

दुसऱ्यांदा बोअर घेताना
शेजारच्या शेडमधला बसलिंग येऊन उभा राहिला.
त्याला मराठी समजतं, माझं कन्नड बसस्टँडपुरतं.
साल केसासारखी निघू लागली तसं तो हळूच म्हणाला,
"साकु."
मी टूल मागं घेतलं. मोजलं.
साकु होतं.

गाडेकर तोवर खुर्चीत पेपर उघडून बसलेला.
"बघा, सीमेची तारीख परत पुढं गेली," म्हणाला,
आणि पुढं काहीतरी म्हणणार होता,
गिअराचं आणि सीमेचं जुळवून.
मामा म्हणाले, "पेपर इकडं दे."
दिला.
त्यांनी तो चेनकेसखाली अंथरला, तेल गळतंय म्हणून.

वायसर, गिअर, वायसर. चेन.
नवीन गास्केट, नव्वदचं तेल खुणेपर्यंत.
हॅंडल मारलं तेव्हा आधी धूर, मग तो,
आणि मामांनी झाकणावर डावा तळवा ठेवला,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.
टकटक नव्हती.

जुना वायसर मी खिळ्यावर अडकवला.
तिथं आधीच बारा-पंधरा आहेत,
कुणाचे कुठले ते आता लक्षात नाही.
टेम्पो गेल्यावर आठवलं,
बिलात बुश लिहिला,
वायसरचे वीस रुपये राहिले.