खपली

मंगळवार आणि शुक्रवार ड्रेसिंगचे.
मिरजेच्या दवाखान्यात, खिडकीजवळच्या स्टुलावर
डावा पाय ठेवून नेमगोंडा मगदूम, समडोळी, वय एकसष्ट,
पट्टी सुटायच्या आधीच विचारतात,
"सिस्टर, खपली धरली का?"

नाही.
उसाच्या पाचटानं कापलेला अंगठा,
दिवाळीपासून तसाच ओला.

"पाणी जास्त झालं ओ," ते म्हणतात,
"पाटाचं पाणी पाजून पाजून रानात मीठ फुटलं,
अन् हिकडं रक्तात साखर.
जिथं जे नको, तिथंच ते पिकतंय बघा."
ते हसतात. मी हसत नाही,
मी कडेची मेलेली कातडी कापत असते.

आहाराच्या मॅडमनी कागद दिला होता:
चहा बिनसाखरेचा, भात मूठभर,
चपाती खपली गव्हाची.
पुढे कारणं. तंतू भरपूर, प्रथिनं बरी,
साखर रक्तात हळू सोडतो.
हळूखाली दोन रेघा.

"खपली? ह्यो तर आमचाच गहू की!
मी धा वर्साचा असताना शिवारभर हुता.
मग ऊस आला."

चिकोडीच्या मेहुण्याकडून पायलीभर बियाणं आलं.
चोपणाच्या कडेला, जरा बऱ्या मातीत, बारा गुंठे.
"तांबेरा शिवत न्हाई त्येला," पट्टी गुंडाळताना ते सांगत,
"अन् मळलं तरी अंगावरचं टाकत न्हाई.
पाण्याचा हात लावायचा, उखळात घालायचा,
रत्नव्वा एक घाव, मी एक घाव,
तवा कुठं तांबूस दाणा बाहेर येतोय.
आता मला सांगा,
जो उखळात घाई करीत न्हाई
तो पोटात कशाला करील?"

हे मॅडमच्या कागदात नव्हतं.
मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं.

फाल्गुनात एका शुक्रवारी आले नाहीत.
मंगळवारी आले ते मुलाच्या खांद्यावर हात टाकून.
साखर तीनशे बारा.
गोळ्या सोडल्या होत्या, बारा दिवस,
नवा गहू घरात आला म्हणून.

मी ओरडले. बाहेरच्या बाकापर्यंत गेलं असणार.
"गव्हानं सांगितलं होतं का गोळी सोडा म्हणून?
गहू आहे तो, मगदूम.
चांगला गहू आहे, पण गहूच आहे.
दोन चपात्यांच्या पाच केल्या तर तोही साखरच होतो!"
ते खाली बघत राहिले, पायाकडे नाही,
फरशीकडे.
"चव आली हुती ओ," एवढंच म्हणाले.
"लई वर्सांनी तोंडाला चव आली हुती."

मग चैत्र. गोळ्या वेळेवर, चपात्या दोनच.
अंगठ्यावर भार नको म्हणून
उखळाशी रत्नव्वा आणि सून.
एके दिवशी पट्टी उलगडली
तर जखमेच्या तळाशी बारीक लाल दाणे,
पेरणीनंतर ओळीनं वर यावं तसे.
मी बोलले नाही. बोललं की बिघडतं,
असं काही पुस्तकात नाही, तरीही.

वैशाखात डबा आला, खपलीची खीर,
गूळ, खोबरं, वर वेलदोडा.
कंपाउंडर दोनदा वाटी घेऊन गेला.
मगदूमांनी झाकणात दोन चमचे घेतले,
चावून चावून खाल्ले,
झाकण पुसून डब्याला लावलं.

अंगठ्यावर आता तपकिरी, कोरडं काहीतरी आहे.
शेंगदाण्याच्या टरफलाएवढं.
"ह्याला हात लावायचा नाही," मी म्हटलं.
"आपोआप सुटेल, खालची कातडी तयार झाली की."

"सुटंल की," ते म्हणाले,
"हिला काय कांडायचं न्हाई."

मग चपलेचा नवा पट्टा
आधी सैल केला, पाय आत सरकवला,
आणि हळू आवळला.