कोपरा राहिला

छतावर सोलरच्या चार पाट्या बसल्या, चैतात.
फिटिंगवाला पोरगा म्हणाला,
उन्हाची काय कमी तुमच्याइकडे!
ऊन भरपूरच. पण घुग्घुसची सायडिंग दोन कोसांवर,
रात्रभर काळं झिरपतं
वाळवणावर, गाईच्या पाठीवर, काचेवर.

कवडूमामा पहाटे शिडी लावतात.
बत्तीस वर्षं खाणीत उतरले,
आता चढताना गुडघा बोलतो.
खांद्यावर ओला, फाटका बनियन.

"जलमभर हाच काढला," एकदा म्हणाले,
"आता थो माह्याच उन्हावर येऊन बसते."

खालून मामी :
कोपरा राहिला!
बिल काय तुमचा सायेब भरन?

मामा कोपरा पुसतात.
बोटाला लागलेलं काळं
लुंगीला पुसत नाहीत लगेच.
आधी हुंगतात.