वाटा

बर्फाच्या कारखान्याची माडी,
तीन खुर्च्या, एक कॉम्प्युटर,
खालून येणारा अमोनियाचा वास. एवढीच कंपनी.
तन्वीर मुकादम म्हणाला, कुंदाताई,
तुझ्या वह्या पाहिजेत.

एकवीस वर्षांच्या वह्या.
हर्णे बंदरावर संध्याकाळच्या लिलावात
कुठल्या पाटीला काय बोली लागली,
सुरमई, म्हाकूल, ढोमा, बळा,
तिथी, वारा, बोटीचं नाव,
समासात एखादा खवला चिकटलेला.
मी म्हटलं, ने. रद्दीवाला किलोला नऊ देतो.
तो म्हणाला, मी पगार देतो.

मग मीच बसले त्या मशीनमध्ये उतरवायला,
एका बोटाने.
मशीन तापायचं. तन्वीर बर्फाची लादी फोडून
परातीत घालून खाली ठेवायचा,
आणि जिन्यावरून त्याची आई ओरडायची,
बँकेतली नोकरी सोडली
आणि मासळीचे हिशेब करतोय.

त्याला भाव पुरेनात.
मासा कुठे लागला ते हवं, म्हणाला,
किती वाव पाण्यात.
आता हे कोण कोणाला सांगतो?
माझा भाऊ धर्मा, तांडेल. त्याची एक जागा होती:
सुवर्णदुर्गाचा पडका बुरूज
आणि टेकडीवरचा वाकडा ताड
एका रेषेत आले की इंजिन बंद.
बापाने मरायच्या आदल्या वर्षी त्याला दाखवली.
मला नाही.
मला ती धर्माच्या डिझेलच्या हिशेबावरून कळली.

रकाना रिकामा सोडला की
लाल चौकट यायची, पुढे जाऊच द्यायची नाही.
मी धर्माची जागा लिहिली
दोन मैल दक्षिणेला.

पुढचं सगळं भराभर झालं.
दाभोळ, जयगड, मिरकरवाडा, देवगड, मालवण.
पुण्याहून मुलं आली,
कोळंबी खाऊन एकाच्या अंगावर पित्त उठलं.
सिंगापूरचे दोन पाहुणे
बूट हातात घेऊन पुळणीवरून लिलाव बघत फिरले,
जाळ्यावरचा विनोद दोघांनीही केला.
दापोली रस्त्याला काचेची इमारत उभी राहिली.
तिथे अमोनियाचा वास येत नाही, कसलाच येत नाही.
गेटवरचा पोरगा आमच्याच वाडीतला,
तरी कार्ड मागतो.

भाव आता महिन्याच्या वर्गणीवर मिळतात,
माझ्या वह्यांतलेसुद्धा.
ही कंपनीची खाजगी माहिती, असं खाली बारीक अक्षरात येतं.

आणि ती दोन मैलांवरची जागा
नकाशावर गडद निळी झाली आहे.
गेल्या हंगामात तिथे अडीचशे बोटी गेल्या.
काहींना मासा लागलासुद्धा म्हणे,
त्यांनी तसं कळवलं, निळा आणखी गडद झाला.
मी खोटं लिहिलं होतं की नाही,
तेही आता मला नीट सांगता येणार नाही.

जुन्या माणसांना तन्वीरने शेअर दिले.
कागदावर होतं: कंपनीतला वाटा.
वाटा म्हटलं की मला केळीच्या पानावरचा दिसतो,
चार बांगडे, वर एक मोठा ठेवलेला,
खालचे बारके झाकायला.
कसा रचतात ते मला ठाऊक आहे. सही केली.

काल धर्मा आला.
ताड वादळात पडला, त्याला आता दोन वर्षं होतील.
बुरूज आहे, पण नुसत्या बुरुजाने काय होतंय?
पायरीवर बसून बराच वेळ
पायाची बोटं बघत राहिला.
मग मोबाइल पुढे केला.
तुमच्या कंपनीत माझी जागा लिहिलेली असेल ना गं?

मी म्हटलं, तो निळा दिसतोय ना,
त्याच्या दोन मैल उत्तरेला.

त्याने नकाशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
डिझेलवरून?

मी चहा टाकायला उठले.