टेंभराची मावसबहीण

व्हर्लिन म्हणाला, तोडू नकोस, पडू दे.
मी ऐकलं नाही.
एकच कच्चं फळ, आणि अख्खं पातेलं तुरट;
जीभ दुपारभर टाळूला चिकटून.

मग ऑक्टोबरभर झाडाखाली जुन्या चादरी.
पहाटे मी आणि एक ऑपॉसम,
कोण आधी पोचतं त्यावर दिवसाचा नफा.

इंडियानातल्या या उतारावर
पहिल्यांदा फळ उलटं केलं तेव्हा
देठाशी तीच चार पाकळ्यांची टोपी.
अगं, ही तर आरमोरीच्या टेंभराची मावसबहीण!
इथे तिला पर्सिमन म्हणतात,
आणि मैलभरात कुणी वाकत नाही तिच्यासाठी.

गाळणीतून गर, ताटाला तुपाचं बोट,
आंबापोळीसारखीच पोळी;
पण इथल्या उन्हाचा काय भरवसा,
म्हणून ड्रायर. हप्त्यावर.

तपासणीला ड्रूसिला हॉब्ज आल्या.
आंबटपणा किती? आकडा सांगा.
मी म्हटलं, आंबट नाहीच हो.
त्यांनी कागदावर काहीतरी खोडलं.
नमुना प्रयोगशाळेत गेला,
त्याची फी म्हणजे चाळीस पाकिटं,
जी अजून विकायचीच होती.

परवाना आला डिसेंबरात.
शेंड्याला दोनच फळं, तीही कावळ्याची.
व्हर्लिनने खिशातली एक बी कडेने चिरली:
आत पांढरा, इवलासा चमचा.
"चमचा म्हणजे बर्फ," तो म्हणाला,
"सुरी निघाली असती तर नुसता वारा."

परवाना फ्रीजवर लावला.
फावडं दाराशी आणून ठेवलं.