बावीस किलो आठशे

रात्री एकनंतर भाव उतरतात, असं व्यंकटेश म्हणाला.
तो दुबईला दोनदा जाऊन आलाय,
त्यामुळं आमच्या विणकर वसाहतीत
विमानाचं काहीही त्यालाच विचारतात.
म्हणून सेकंड शिफ्ट करून आलो की मी हातपाय धुतो,
अर्धी भाकरी खातो
आणि पद्मजाच्या लॅपटॉपवर
तुटलेला धागा शोधावा तसा वाकतो.

मुंबई ते फ्रँकफुर्ट. एक माणूस. परतीचं नको.
'परतीचं नको'वर टिचकी मारताना
बोट जरा अडतं.

सरळ जाणारं विमान एकोणसाठ हजार.
त्या ओळीवरून मी नजर पुढं नेतो,
नव्या पेठेत सराफाच्या दुकानावरून नेतो तशी.
दोहावरून बेचाळीस, थांबा तीन तास, बॅगा दोन.
अदिस अबाबावरून एकतीस हजार चारशे,
थांबा चौदा तास, बॅग एकच, तेवीस किलो,
आणि खिडकीजवळ बसायचं तर पैसे वेगळे.
खिडकीचे पैसे!
आमच्या शेडला खिडकी नाही,
नाहीतर मालकानं पगारातून कापले असते.

मी जॉबर माणूस, तीस वर्षं मागावर.
टॉवेल तळहातावर घेतला की वजन सांगतो,
ताणा कुठं सैल आहे ते आवाजावरून सांगतो.
इथं मात्र तेच विमान, तीच सीट,
संध्याकाळी आठशेनं वर, पहाटे बाराशेनं खाली.
सुताचा बाजारही इतका बेशरम नाही.

मत सगळ्यांना आहे.
मालकाचा पोरगा म्हणाला, दोहा घ्या, जेवण चांगलं असतं.
सासूबाई म्हणाल्या, चौदा तास? एकटी पोर?
बायकोनं शेंगदाणे कुटता कुटता एवढंच विचारलं,
तिथं पाणी फुकट मिळतं का?

मी बिलाच्या पाठीमागं हिशेब मांडला.
दहा हजार सहाशे जास्त, त्यात तेवीस किलो जादा.
किलोला चारशे साठ पडले.
म्हणजे चटणीपेक्षा चटणीचा प्रवास महाग.

मग पद्मजाच म्हणाली,
"नाना, अदिस अबाबाचं काढा."
चौदा तास काय करशील?
"काही नाही.
चौदा तास मला कुणी हाक मारणार नाही.
इथली नसेन, तिथलीही नसेन.
नुसती बसेन."

बायको चिडली.
मी काही बोललो नाही.
लाइट जाते तेव्हा शेडमधले चोवीस माग एकदम थांबतात,
कानात नुसती पोकळी उरते,
आणि जनरेटर धडधडेपर्यंत
मी कुणाचा बाप नसतो, कुणाचा जॉबर नसतो.
हे मी घरी कधी सांगितलेलं नाही.
हिला कुठून कळलं?

ओटीपी बायकोच्या फोनवर आला.
आकडे तिच्या तोंडून तेलुगूतच निघतात.
एडु, सुन्ना, मूडु, मूडु...
एकतीस हजार चारशे गेले. आवाजसुद्धा झाला नाही.

काल बॅग कारखान्यात नेली,
सुताच्या कोनांच्या काट्यावर ठेवली.
साडेचोवीस.
मोठी चादर काढली, पावणेदोन किलो.
"जर्मनीत थंडी असते," बायको.
"तिथं चादरी मिळतात," मी.
"सोलापुरी म्हणून पानिपतच्या देतील," बायको.
तिनं परत घातली. मी परत काढली.
शेवटी पद्मजानं एक जाड पुस्तक काढलं,
भाकरीचा एक डबा काढला,
मी विणलेला टॉवेल मात्र राहू दिला,
आणि चादर तिनं स्वतःच हॅंडबॅगेत कोंबली,
चेन लागेना म्हणून वर बसली.

काटा हलत हलत थांबला. बावीस किलो आठशे.
दोनशे ग्रॅम शिल्लक.
दिवसपाळीचे माग चालू होते, बोललेलं ऐकू येत नव्हतं.
आम्ही तिघं
त्या दोनशे ग्रॅमकडं बघत उभे राहिलो.