उरलं

अभ्यासदौरा. दोन गाड्या, अकरा नगरसेवक,
एक उपायुक्त, आणि इतिवृत्त लिहायला मी.
उमरेडला तर्री-पोहे झाले.
भिवापूरच्या पुढे मागच्या सीटवरून कोणीतरी म्हणालं,
"एवढुशा गावाकडून नागपूरनं काय शिकाचं बे?"
सगळे हसले. मीही हसले.
ते वहीत लिहिलं नाही.

कोसमघाटची नगरपंचायत
बैलबाजाराच्या शेडमध्ये बसते.
खुंटे अजून तसेच, त्यांना टेकून माणसं.
अध्यक्ष कौतिकाबाई नंदागवळी
बोलता बोलता उठतात, पाणी वाटतात,
परत येऊन बसतात, मिळेल त्या जागी.

विषय नालीचा होता.
कोणाच्या दारावरून न्यायची.
सगळे हो म्हणाले.
दसरू मानापुरे नाही म्हणाला.
मला वाटलं, झालं, आता हात वर होतील.
पण सगळे नुसते थांबले.
पाहुणे येणार म्हणून घाई करतात,
तसंही कोणी केलं नाही.
आमच्यातले दोघे मोबाईलमध्ये गेले,
एक गाडीत एसी लावून झोपला.
दीड तासानं नाली दहा हात सरकली
आणि दसरूचा चेहरा तरी तसाच.

लिहिणाऱ्या पोराच्या खांद्यावरून मी वाकून पाहिलं.
आमचा धंदाच तो, दुसऱ्याचं अक्षर बघणं.
ठराव, तारीख, खर्च, आणि सगळ्यात खाली
वेगळ्या ओळीत:
उरलं: दसरू मानापुरे. म्हणतो, पाणी पडल्यावर पाहू.

"हे काय?"
"उरलं ते. पुढच्या सभेत पहिले हेच वाचतो."
"आणि विसरलात तर?"
तो हसला. "तो इसरू देईन का?"

अहवाल बावीस पानांचा झाला.
चौदा फोटो, त्यात खुंटे नाहीत.
अनुकरणीय हा शब्द नऊ वेळा, मीच टाइप केला.

मग महालच्या टाऊन हॉलमध्ये आपली नेहमीची सभा.
बासष्ट विषय, सतरा मिनिटं.
सर्वानुमते मंजूर हे माझ्या कॉम्प्युटरवर
एका बटणावर ठेवलंय, बोट आपोआप जातं.
एकेचाळिसाव्या विषयाला, भाजीवाल्यांना उठवायच्या,
गॅलरीतून एक बाई ओरडत होती.
शिपायाला विचारून मी तिचं नाव मिळवलं
आणि लिहिलं: उरलं: छबी शेंद्रे, कमाल चौक.
साहेबांनी लाल पेन फिरवला.
"मॅडम, इतिवृत्तात काही उरत नसतं."

त्यांचंही अगदीच चूक नाही.
बसच्या खिडकीशी मी हिशोब केला:
एवढ्या मोठ्या शहरात एकेका दसरूसाठी
दीड-दीड तास थांबायचं, तर
नाग नदीवरचा एक पूल व्हायला
माझी नात म्हातारी होईल.
इंदोरा आलं तरी हिशोब सुटला नव्हता.

आमची गल्ली मात्र चौदा घरांची.
कचऱ्याचा डबा कोणाच्या दाराशी,
यावर तीन वर्षं भांडण.
रविवारी रात्री जेवणं झाल्यावर सगळ्यांना खाली बोलावलं.
तेरा घरं म्हणाली, बारापात्रेंच्या कोपऱ्यावर.
बारापात्रे म्हणाले, नाही.

मी म्हटलं, थांबू.
कुलरचं पाणी टपकत राहिलं.
कोणाचं तरी पोरगं मांडीवर झोपलं.
"उद्या ड्यूटी आहे ना, ताई," इस्त्रीवाला कुंदन म्हणाला,
आणि गेला नाही.
साडेअकराला बारापात्रे घसा खाकरून बोलले,
"ठीक आहे. पण दर सहा महिन्यांनी दार बदलाचं."
हे आधी कोणालाच सुचलं नव्हतं, मलाही नाही.

विजेच्या बिलाच्या पाठीवर मी लिहून घेतलं.
तारीख टाकली, चौदा सह्या घेतल्या,
आणि कागद घडी करणार,
तेवढ्यात वरची खिडकी जोरात लागली.

घडी उलगडली.
उरलं: बारापात्रे काकू.
त्यांना कोणी विचारलंच नाही.